ढोबळे बाई आणि सतरा नंबरची शाळा

ढोबळे बाई कुठल्याही शाळेत गेल्या की आधी हेडमास्तरांच्या खोलीत जात नसत. त्या सरळ मागच्या बाजूला, जिथे पोरांची खिचडी शिजते त्या शेडकडे जायच्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईशेजारी पायरीवर टेकायच्या, तांदळाचं ताट पुढे ओढायच्या आणि खडे निवडत विचारायच्या, "काय गं, आज किती जणांचं टाकलंस?"

"एकोणीस जणांचं टाकलं की बाई."

हजेरीपटावर अठ्ठावीस मुलं असायची. बाई हात पदराला पुसून उठायच्या, हेडमास्तरांसमोर जाऊन बसायच्या आणि ते अठ्ठावीसचा आकडा सांगू लागले की मान डोलावून ऐकून घ्यायच्या. एकदा मी गाडीत त्यांना म्हणालो, "तुम्ही त्यांना बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "त्यांना खोटं पाडून काय मिळणार होतं सर? आपल्याला खरं कळलं ना? झालं तर मग."

माझं वय त्यांच्या निम्मंच होतं, पण चारचौघांत त्या मला सर म्हणायच्या. रागावल्या की "अरे बाबा" म्हणायच्या. मला दुसरं संबोधन जास्त आवडायचं.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेसाठी मी तेव्हा सोलापुरात काम बघत होतो. पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरचे नकाशे थरथरायचे. जिल्ह्यातल्या चाळीस शाळा निवडायच्या, तिथं पहिलीत आलेली मुलं पाचवीतून बाहेर पडेपर्यंत दर फेब्रुवारीत त्यांचं वाचन तपासायचं, असं ते काम. निम्म्या शाळांना रोज एक जादा वाचनाचा तास, त्यासाठी शिकवून तयार केलेली एक ताई आणि पुस्तकांच्या दोन पेट्या मिळणार होत्या. उरलेल्या निम्म्या शाळांना काही नाही, तिथं फक्त तपासणी. पाच वर्षांनी दोन्हींतला फरक पाहायचा आणि मग राहिलेल्या शाळांनाही पेट्या द्यायच्या.

मी शहरात वाढलेला, तक्ते करण्यात हुशार. जिल्ह्यातला एकही हेडमास्तर मला ओळखत नव्हता. ढोबळे बाईंना सगळे ओळखायचे. आधी शिक्षिका आणि मग विस्तार अधिकारी म्हणून त्यांनी माळशिरस तालुक्यात हयात घालवली होती. निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. शाळा मिळवून देण्यासाठी आम्ही त्यांना मानधनावर घेतलं. आडनाव ढोबळे, पण ढोबळ असं त्यांना काही चालायचं नाही. "साधारण वीसेक मुलं" असं मी लिहिलं की त्या पेन पुढं करायच्या. "साधारण वीस म्हणजे कोण कोण? नावं लिहा."

पहिल्या आठवड्यातच त्यांचं आणि पुण्याचं वाजलं. ज्या शाळांची पटसंख्या वर्षभर स्थिर असते त्याच शाळा घ्यायच्या, असं पुण्याच्या आराखड्यात होतं. मुलं मधेच निघून गेली की आकडे कच्चे पडतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. बाईंनी यादी पुढ्यात घेतली आणि एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. "ही श्रीपूरच्या बाजूची. दिवाळीनंतर ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या की हितं मुलं दुप्पट होतात. ही वस्ती मेंढपाळांची. दिवाळीनंतर मुलं निम्मी होतात. ही सगळी तुम्ही काढून टाकलीत. मग राहिलं कोण? ज्यांचे आईबाप घरी आहेत ते. त्यांचं वाचन आपण पाच वर्षं बघणार?"

"पद्धतच तशी आहे, बाई."

"असेल. मी पद्धत शिकलेली नाही. पण जी पोरं टिकत नाहीत ती का टिकत नाहीत, हे बघायला निघालोय असं मला वाटलं होतं."

महिनाभर पुण्याशी पत्रव्यवहार झाला. शेवटी बाईंच्या समाधानासाठी म्हणून एक मेंढपाळ वस्तीची शाळा यादीत आली. शाळेचं नाव कुठं घ्यायचं नाही असा आमचा नियम होता आणि तो मी अजूनही पाळतो. कागदावर ती सतरा नंबरची शाळा होती. आम्हीही तिला सतरा नंबरच म्हणायचो.

शाळा मिळवणं म्हणजे हेडमास्तरांची सही मिळवणं, असं मला वाटायचं. बाईंचं गणित वेगळं होतं. नातेपुत्याच्या बाजूला एका हेडमास्तरांनी आम्हाला शाल-नारळ दिला, फोटो काढले आणि चहा यायच्या आत सही करून टाकली. मी खूश. बाईंनी बाहेर येऊन त्यांच्या वहीत त्या शाळेपुढं प्रश्नचिन्ह काढलं. "जो लगेच हो म्हणतो त्याला आपण काय मागतोय ते कळलेलंच नसतं." सहा महिन्यांत त्या शाळेनं अंग काढून घेतलं.

सतरा नंबरचे माने गुरुजी तीन वेळा नाही म्हणाले. एकशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पत्र्याचा व्हरांडा, समोर बोडकी माळजमीन. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "मॅडम, आनखी एक तक्ता नको. हितं भरून भरून हात दुखतोय." दुसऱ्या खेपेला बाईंनी आमचा कागद बाहेर काढलाच नाही. गुरुजींची ऑनलाइन माहिती भरायची राहिली होती, ती त्यांच्या शेजारी बसून भरून दिली. रेंज येत नव्हती म्हणून दोघं फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढले होते. तिसऱ्या खेपेला गुरुजींनी स्वतःच विचारलं, "ती पुस्तकं आमाला येनार का?"

"अर्ध्या शाळांना येणार. तुमच्याकडं येतील का नाही, ते मला ठाऊक नाही. कुणाला द्यायची ते पुण्याचा कम्प्युटर ठरवणार."

"मंजे चिठ्ठी."

"चिठ्ठीच."

गुरुजींनी जरा विचार केला. "तुमी येनार का दर वर्साला? का दुसरंच कोन तरी पाठवनार?"

"मी येणार."

चौथ्या खेपेला त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "ही तुमच्याकडं बघून केली बगा. त्या कागदाकडं बघून न्हाय."

चिठ्ठी निघाली आणि सतरा नंबर फक्त तपासणीच्या शाळांत गेली.

ज्यांना काही मिळणार नव्हतं त्या वीसही शाळांना फोनवर कळवावं, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "अरे बाबा, हो म्हणायला दारात गेलो आणि नाही सांगायला फोन करायचा?" त्या वीसही ठिकाणी स्वतः गेल्या. सतरा नंबरला मी बरोबर होतो. गुरुजींनी ऐकून घेतलं, स्वयंपाकाच्या बाईला चहा टाकायला सांगितला आणि आलेला चहा आधी बाईंच्या हातात दिला. मग ते म्हणाले, "बरं. मोजा की मग. मेंढरंबी मोजत्यातच."

त्या वर्षी पहिलीत, दिवाळीनंतरही वस्तीवर राहणारी, अकरा मुलं होती. त्यांतली एक कोमल. आईबाप वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागं, म्हणून ती वस्तीवर आत्याकडं राहायची. पहिल्या तपासणीला तिनं आमच्या कार्डाकडं बघून नुसती मान हलवली. पहिलीतलं मूल, त्यात काही विशेष नव्हतं.

दुसरीतली तपासणी मात्र मला विसरता येत नाही. मुलं व्हरांड्यात ओळीनं बसलेली असायची, एकेकाला पुढे बोलवायचं. कार्डावर आधी अक्षरं, मग शब्द, मग एका शेळीचा चार ओळींचा उतारा. कोमलचा नंबर सातवा. तिनं कार्ड हातात घेतलं आणि अक्षरं, शब्द सगळं सोडून थेट उतारा म्हणायला लागली. "राजूकडं एक शेळी होती. शेळीला दोन करडं झाली." पूर्णविरामाला थांबत होती, पुढच्या ओळीला नजर खाली नेत होती. एकही चूक नाही. आणि कार्ड उलटं धरलं होतं.

आधीच्या सहा जणांचं ऐकून तिनं ते पाठ केलं होतं.

बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, "यातला श कुठं आहे, दाखव बरं."

"हितं," ती म्हणाली आणि कार्डाच्या कोपऱ्यावर, जिथं काहीच छापलेलं नव्हतं तिथं, ठामपणे बोट ठेवलं.

आमच्या नियमात चूक दुरुस्त करायची नव्हती, काही सांगायचं नव्हतं. सगळ्यांना फक्त 'छान' म्हणायचं. बाई "छान" म्हणाल्या. कोमल हसली आणि उड्या मारत गेली. बाईंनी तिच्या नावापुढं शून्य लिहिलं.

गाडीत वेळापूर मागं पडल्यावर बाई म्हणाल्या, "सर, त्या चाळीस शाळांत एवढं डोकं असलेलं पोर मी पाहिलं नाही. सहा वेळा ऐकून उतारा पाठ केला तिनं. तो रकाना कुठं आहे आपल्या कागदावर?"

तसा रकाना नव्हता.

"अजून तीन वर्षं मी हितं येणार, छान म्हणणार आणि शून्य लिहिणार," त्या म्हणाल्या. "लहानपणी मीपण मेंढरांमागं फिरले. तीन शाळा झाल्या माझ्या चौथीपर्यंत. तिसऱ्या शाळेतल्या बाईंनी मला बसवून शिकवलं. त्यांनी नुसतं तपासलं असतं तर?" स्वतःबद्दल त्यांनी आपणहून मला एवढंच सांगितलं. मीही पुढं कधी विचारलं नाही.

तिसरीच्या तपासणीला नवा उतारा होता. कोमल कार्ड सरळ धरून बसली, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचू लागली. सावकाश, अडखळत. 'विहीर' या शब्दापाशी थांबली, तीनदा प्रयत्न केला आणि तो सोडवलाच. मी आनंदानं बाईंकडं पाहिलं. त्या कागदाकडं बघत होत्या. त्यानंतरची मुलंही वाचत गेली. अकराच्या अकरा.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू व्हायच्या आधीच बाई ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोर एक अर्ज ठेवला. जुन्या अधिकाऱ्याच्या सवयीनं रीतसर लिहिलेला. 'विषय : माझ्याकडून झालेल्या नियमभंगाबाबत.'

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"श्रावणापासून. दर शनिवारी. सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात शिकवायची. एसटीनं जायची."

"माने गुरुजींना माहीत होतं?"

"मी त्यांना नियम सांगितला होता. ते म्हणाले, शाळा सुटल्यावर व्हरांड्यात कोन बसतंय ते बघायचा पगार मला मिळत न्हाय."

"कोमलसाठी केलंत?"

"सुरुवात तिच्यासाठीच. पण तिला एकटीला घेऊन बसले की बाकीची पोरं दारात येऊन उभी राहायची. त्यांना काय सांगून घालवू?"

मी उठून दार लावलं. आज ते सांगायला संकोच वाटतो, पण मी म्हणालो, "बाई, हा अर्ज मी पाहिलाच नाही असं समजू. गुरुजींनी मनावर घेतलं, मुलं सुधारली. कोण विचारतंय?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला अर्ज परत हातात घ्यावा लागला. "अरे बाबा, खोटंच लिहायचं असतं तर दुसरीत त्या पोरीच्या नावापुढं शून्य कशाला लिहिलं असतं मी? ती शाळा आता तुमच्या हिशेबातून बाद. नासवली मी. तसं कळवा पुण्याला."

पुण्याचं उत्तर सभ्य होतं. सतरा नंबरची शाळा अभ्यासातून वगळण्यात येत आहे आणि श्रीमती ढोबळे यांचं काम या महिन्याअखेर थांबवण्यात येत आहे, त्यांच्या योगदानाबद्दल आभार. बाईंनी ते पत्र शांतपणे वाचलं. त्यांना ते अपेक्षितच होतं. घडी घालताना मात्र त्या थांबल्या.

"आणि पेट्या?"

"कसल्या पेट्या?"

"पाच वर्षांनी राहिलेल्या शाळांना द्यायच्या होत्या त्या. सतरा नंबरला मिळतील ना?"

त्या क्षणापर्यंत ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्यांच्याही नव्हतं. मी पुण्याला लिहिलं. दोनदा लिहिलं. पेट्या यादीतल्या शाळांनाच देता येतील, पैसे देणाऱ्यांशी तसा करार आहे, असं उत्तर आलं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ज्यांनी ते लिहिलं त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण उत्तर तेच राहिलं.

बाई ते सांगायलाही स्वतः गेल्या. मी बरोबर नव्हतो. माने गुरुजींनी मला नंतर सांगितलं, "बाई उभ्याच ऱ्हायल्या. पानीबी घेतलं न्हाय. म्हनल्या, गुरुजी, मी तुमच्या पेट्या घालवल्या. मी म्हनलं, पेट्यांचं काय घिऊन बसलाय, पोरं वाचाय लागली की. पर त्यांला ते पटलं न्हाय."

पुढच्या जूनमध्ये गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी लवकर आलं नाही. शेजारच्या शाळेतले मास्तर आठवड्यातून दोन दिवस येऊन हजेरी घ्यायचे. नेमकं त्याच पावसाळ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शनिवार बंद पडले. दिवाळीनंतर त्या काठी घेऊन वस्तीवर गेल्या तेव्हा कोमल तिथं नव्हती. आत्या म्हणाली, "भाऊ घिऊन गेला तिला. वहिनीला बाळ झालंय. सांबाळाय कोन तरी पायजे का न्हाय?"

भावाचा, म्हणजे कोमलच्या वडिलांचा, फोन लागत नव्हता.

बाईंनी मला फोन केला. "सर, मूल शाळेतून गेलं की त्याचा माग काढायची तुमची पद्धत आहे ना? लातूरपर्यंत माणूस पाठवला होता तुम्ही एकदा."

होता. यादीतलं मूल कुठंही गेलं तरी आम्ही त्याला शोधायचो. फोन, नातेवाईक, नवी शाळा, सगळं करायचो. त्यासाठी माणूस होता, गाडी होती, फॉर्म होता.

"ती यादीत नाही, बाई."

त्या म्हणाल्या, "व्हय. ध्यानात आलं." एरवी माझ्याशी त्या अशा बोलत नसत.

मी स्वतः जाऊन शोधू शकलो असतो. रविवारी, माझ्या गाडीनं. ते मनात आलं होतं. त्या महिन्यात तपासणीची तयारी होती, मग तपासणी, मग अहवाल.

बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या एप्रिलमध्ये.

पाच वर्षं संपली होती. सोलापुरात एका सभागृहात हेडमास्तरांना बोलावून निष्कर्ष सांगितले, प्रमाणपत्रं वाटली. बाईंना आमंत्रण नव्हतं. म्हणून चार दिवसांनी मी माळशिरसला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, समोर बसल्या आणि विचारलं, "मग? फरक पडला का वाचनाच्या तासानं?"

"पडला. थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

मी सांगितलं. त्या विद्यार्थ्यासारख्या ऐकत होत्या. दोनदा अडवून विचारलं, समजलं तेव्हा मान हलवली. "चला, म्हणजे वाया गेलं नाही," असं म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि आमची ती अकरा?"

"ती कुठंच धरलेली नाहीत."

"बरोबर आहे. धरता येणारच नाहीत."

चहाचे कप आत ठेवून त्या बाहेर आल्या त्या पायांत चप्पल घालूनच. "गाडी आहे ना तुमची? कालव्याच्या पलीकडं मेंढरांचा वाडा बसलाय म्हणे कुणाच्या तरी रानात. मला तिथवर सोडा."

खतासाठी रानात मेंढरं बसवतात, त्याला तिकडं वाडा म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा रान रिकामं होतं. सगळीकडं लेंड्या पडल्या होत्या, बांधाला चुलीचे तीन दगड होते आणि राख. शेतमालक नांगर जोडत होता.

"कधी गेली?" बाईंनी विचारलं.

"तांबडं फुटायला."

"त्यांच्यात एक पोरगी होती का? अकरा-बारा वर्षांची. कोमल नाव."

तो आठवू लागला. खरोखरच आठवू लागला, कपाळाला आठ्या घालून. "पोरीसोरी व्हत्या की दोन-तीन. नावं काय विचारली न्हाईत बाई. मेंढरं मोजून घेतली मी. दोनशे साठ व्हती."

"गेली कुठं?"

त्यानं हातानं मावळतीकडं दाखवलं. तिकडं दोन रस्ते फुटत होते.

आम्ही फाट्यापर्यंत आलो. मला चार वाजता सोलापुरात मीटिंग होती. मी ते बोललो नव्हतो, पण घड्याळ बघितलं असणार. बाई दार उघडून खाली उतरल्या. "तुम्ही जा सर. मी येईन कशानं तरी."

"बाई, मी थांबतो ना."

"जा. काम असेल तुमचं."

आणि मी गेलो. गाडी वळवताना पाहिलं, तर त्यांनी समोरून येणारा एक ट्रॅक्टर हात करून थांबवला होता आणि काठीवर भार देऊन ड्रायव्हरला काही विचारत होत्या. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हतं. तेव्हा पोरगी केवढी आहे हे दाखवायला त्यांनी हात कमरेशी आडवा धरला. मग जराशा थांबल्या आणि तो हात थोडा वर नेला.